ब्याण्णव वजा करा!

"शैलेंद्र, नीट ऐक! तुझ्या लग्नात मी माझ्या लग्नातलाच जोधपुरी कोट घालून येणार. आणि सगळी बटणं लावून येणार! सगळी म्हणजे सगळी!"

गुणवंत खानोलकरने ही गर्जना शारजातल्या अल नहदाच्या अकराव्या मजल्यावरून थेट साताऱ्याला ऐकवली. व्हिडिओ कॉलवर पलीकडे त्याचा मेहुणा होता, म्हणजे बायकोचा, मृणालिनीचा, धाकटा भाऊ. लग्न नुकतंच ठरलेलं, त्यामुळे स्वारी जरा जास्तच रंगात होती. शैलेंद्र आधी हसला. मग त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन तो पुन्हा पहिल्यापासून हसला. त्याचंही फार चुकलं नव्हतं म्हणा, कारण गर्जना करताना गुणवंतच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात शवर्मा. तोही दुसरा!

"दाजी, त्या कोटाची बटणं लागली ना, तर रिसेप्शनला स्टेजवर माइक घेऊन सांगेन, हे आमचे फिट दाजी! आणि नाही लागली, तर माझ्या नव्या सासरच्यांना तुमची ओळख कशी करून देऊ, सांगू?"

"सांग की!"

"हे आमचे रोडरोलर दाजी! माइकवरून!"

"डन!" गुणवंत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. शवर्माही ठेवला. मग शवर्मा परत उचलला, कारण अन्न टाकू नये.

रोडरोलर हे नाव काही नवं नव्हतं. सासरी गेला की गेली कित्येक वर्षं तो ते ऐकत होता आणि हसण्यावारी नेत होता. पण लागायचं हो! लग्नात पोरगेलासा दिसणारा हा माणूस शारजात आला, एसीतली खुर्ची मिळाली, दाराशी गाडी आली, आणि आखाती रिवाजाप्रमाणे पगाराच्या आधी पोट वाढलं. घरातल्या घरात बोलणारी नुसती सासरची मंडळी होती तोवर ठीक होतं. आता माइक येणार, नवे सोयरे येणार, समोर पाचशे माणसं बसणार! गुणवंतला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो टॉवरच्या जिममध्ये रिझवानसमोर उभा राहिला. रिझवान हा हैदराबादचा ट्रेनर. त्याने गुणवंतभोवती एक फेरी मारली, जशी आपण सेकंडहँड गाडीभोवती मारतो.

"साहब, चरबी जाएगी. लेकिन दो काम साथ में करने पड़ेंगे. पहला, इंटरव्हल कार्डिओ. एक मिनट ऐसे भागो जैसे पीछे कुत्ता लगा है. फिर दो मिनट ऐसे चलो जैसे बेगम के साथ शॉपिंग को आए हो. फिर कुत्ता. फिर बेगम."

"और दूसरा?"

"दूसरा, वेट ट्रेनिंग. खाली भागोगे तो चरबी के साथ मसल भी जाएगा, सूखे पापड़ दिखोगे. वजन उठाओगे तो मसल टिकेगा, चरबी जाएगी. और एक बात. वजनकांटे पे बिल्कुल नहीं चढ़ना! कांटा बेचारा चरबी और मसल का फर्क नहीं समझता. आप समझोगे कुछ हुआ ही नहीं, और सीधे बिर्याणी पे जाओगे. आपके कपड़े बोलेंगे, इन्शाल्ला!"

गुणवंतने तिथल्या तिथे शपथ घेतली की लग्नापर्यंत काट्याचं तोंड बघणार नाही. आणि मग जे सुरू झालं, ते सगळ्या अल नहदाने पाहिलं!

उन्हाळ्याचे दिवस. सूर्य मावळला तरी फुटपाथ तव्यासारखा. एका संध्याकाळी गुणवंत फुटपाथवर 'कुत्ता' मिनिट धावत होता आणि नेमकी त्याच वेळी दुबईची बस स्टॉपवर आली. ड्रायव्हरला वाटलं, बिचाऱ्याची बस चुकतेय. भला माणूस! त्याने दार उघडून ठेवलं. "यल्ला, यल्ला, जल्दी!" गुणवंतने धावता धावता हात हलवून नको नको केलं. ड्रायव्हरला वाटलं, थांब थांब म्हणतोय. तो थांबला. गुणवंत जीव खाऊन दारापाशी पोचला आणि तेवढ्यात त्याचं मिनिट संपलं! आता 'बेगम' सुरू. तो बसच्या उघड्या दारासमोरून, कमरेवर हात ठेवून, रमतगमत पुढे निघून गेला.

बसमधली माणसं खिडक्यांना नाकं लावून बघत राहिली. सिग्नलमुळे बस मागे राहिली आणि पुढच्या स्टॉपला नेमकी पुन्हा गाठ पडली. गुणवंत पुन्हा धावतोय! ड्रायव्हर पुन्हा थांबला. या वेळी मात्र आतून चार भाषांत जे काही ऐकू आलं, त्यानंतर न चढणं शक्यच नव्हतं.

"अगं, मी दुबईत आहे," तासाभराने त्याने घरी फोन केला.

"दुबईत? कशाला?" मृणालिनीने विचारलं.

"व्यायामाला."

मृणालिनीने उसासा टाकला. तिला नवऱ्याच्या व्यायामांचा अनुभव होता. घरात एक ट्रेडमिल होती, तिच्यावर लेकीचे, ओवीचे, युनिफॉर्म वाळत. एक योगा मॅट होती, ती बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली होती. त्यामुळे या वेळी नवरा स्वयंपाकघरात तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन उठाबशा काढू लागला, तरी ती कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली. नवरा सैल टी-शर्ट घालत होता. आणि रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस बारीक होताना कधी दिसतं का! शाळकरी ओवी मात्र लिफ्टमध्ये बापापासून चार हात लांब उभी राहायची. "पप्पा, प्लीज डोन्ट डू स्क्वॉट्स इन द लिफ्ट. पीपल आर वॉचिंग!"

पण गुणवंत हटला नाही हं! शवर्मा बंद, करक चहा बिनसाखरेचा, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक लांबूनच नमस्कार करून परत. एक दिवस त्याने पट्ट्याला स्क्रूड्रायव्हरने नवं भोक पाडलं आणि बाथरूमचं दार लावून एकटाच नाचला.

इथे या टॉवरची एक पद्धत सांगायलाच हवी. गावी जायचं म्हणजे माणशी तीस किलोची बॅग, एक ग्रॅमही वर चालत नाही. बॅग मोजायला प्रत्येक घरात बाथरूमचा काटा. पण त्यावर बॅग ठेवली की आकडाच झाकला जातो! म्हणून बॅग हातात धरून माणूस काट्यावर उभा राहतो, आणि आलेल्या आकड्यातून माणूस वजा करतात. आता रोज कमीजास्त होणारा माणूस काय कामाचा? या कामासाठी सगळा टॉवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा तो गुणवंतवर. गेली कित्येक वर्षं ब्याण्णव किलो! रमजान असो, दिवाळी असो, ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव! शेजारपाजारचे लोक बॅगा घेऊन त्याच्या दारात यायचे. "गुणवंतभाई, जरा उभे राहता का?" तो उभा राहायचा, मृणालिनी आकडा वाचायची, ब्याण्णव वजा करायची. आजवर कुणाचीही बॅग विमानतळावर अडली नव्हती.

तुळशीचं लग्न झालं आणि साताऱ्याला निघायची वेळ आली. तीन माणसं, तीन बॅगा. निघायच्या आदल्या दिवशी मृणालिनीने काटा मांडला.

"अहो, या उभे राहायला."

"मी आकडा बघणार नाही हं! शपथ आहे!" गुणवंत छताकडे तोंड करून काट्यावर चढला. पहिली बॅग त्याने रिझवानने शिकवल्याप्रमाणे उचलली. पाठ ताठ, गुडघ्यात वाकून, श्वास सोडत. बॅग पिसासारखी वर आली! "हॅत! ही तर हलकीच आहे गं! अजून पुष्कळ जागा आहे हिच्यात!"

मृणालिनी वाकून वाचू लागली. "एकशे सोळा. ब्याण्णव वजा... चोवीस. अय्या! चोवीसच?"

दुसरी बॅग, चोवीस. तिसरी, तीही चोवीस! मृणालिनी मांडी घालून खालीच बसली. काठोकाठ भरलेल्या बॅगा आणि प्रत्येकीत सहा-सहा किलोला जागा! असं भाग्य आजवर टॉवरमध्ये कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला तरी उभं करून बघायचं का?" तिला पुसटशी शंका आली.

"मी असताना?" गुणवंत दुखावला.

नेमके तेव्हाच समोरच्या फ्लॅटमधले हारुनभाई दारात आले. हारुनभाई रत्नागिरीचे, दुबईच्या देरा बाजारात मसाल्यांचा धंदा, आवाज पहाडी. "काय म्हणता, भाभी? सहा किलो शिल्लक? मग आमचा खजूर न्या की शैलेंद्ररावांना! लग्नाचा आहेर म्हणून!" त्यांच्या जैनबभाभी दुधाच्या पावडरीचे डबे घेऊन आल्या. बातमी लिफ्टने खाली गेली आणि जिन्याने वर आली. कुणी मुंबईतल्या आईसाठी बदाम दिले, कुणी बहिणीसाठी शाम्पूच्या बाटल्या, कुणी भाच्यासाठी रिमोटची गाडी. मृणालिनी ठासून भरत होती, गुणवंत पुन्हा पुन्हा काट्यावर चढून छताकडे बघत होता. शेवटी तिन्ही बॅगा बरोब्बर तीस! खलास!

"परवा माझीही बॅग मोजलीत ना," हारुनभाई खुशीत म्हणाले. "तिच्यातही भरपूर जागा निघाली. तुमच्या हाताला बरकत आहे!"

विमानतळावर सोडायला हारुनभाईच आले. बोर्डिंग पास हातात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही, हा त्यांचा नियम. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून पहिली बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. मग ती हसायची थांबली.

"सर, थर्टी सेव्हन."

"सदतीस?" मृणालिनी किंचाळली. "शक्यच नाही! मशीन बिघडलंय!"

दुसरी बॅग, सदतीस. तिसरी? सदतीस! मुलीने किलोमागे किती दिरहॅम पडतील ते सांगितलं. मृणालिनीने त्याचे मनातल्या मनात रुपये केले आणि ट्रॉलीचा आधार घेतला. मागे रांग चुळबुळायला लागली. "मम्मा, एव्हरीवन इज लुकिंग," ओवी पुटपुटली.

आणि गुणवंत? तो नुसता उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तिन्ही बॅगा, तिन्ही घरी तीस, तिन्ही इथे सदतीस. फरक प्रत्येक वेळी सातचाच! म्हणजे बॅगा बरोबर, मशीन बरोबर. मग तिन्ही वेळा चुकलेलं असं काय होतं? तिन्ही वेळा काट्यावर बॅगेबरोबर होतं कोण?

"मृणालिनी!" तो एवढ्या जोरात ओरडला की दोन रांगा सोडून उभी असलेली माणसंही वळली. "मी! अगं, मी! तू ब्याण्णव वजा केलेस, पण मी ब्याण्णव नाहीच आहे! मी पंच्याऐंशी आहे! सात किलो उतरलो मी! सात!"

त्याने बायकोचे दोन्ही हात धरून तिला गर्रकन फिरवलं. त्याने काउंटरवरच्या मुलीचे आभार मानले. मागच्या रांगेतल्या एका पठाणाला त्याने मिठी मारली. पठाणाला कारण काही समजलं नाही, पण त्याने मनापासून "मुबारक!" म्हटलं.

"अहो, आधी या एकवीस किलोचं काय करायचं ते बघा!" मृणालिनीला रडू फुटायच्या बेतात होतं.

"थांबा, थांबा," हारुनभाई मध्ये आले. "म्हणजे बारीक झालात तुम्ही, आणि भुर्दंड आमच्या खजुराला? आणि..." अचानक त्यांचा चेहरा पडला. "या अल्ला! माझी बॅग! उद्या माझी फ्लाइट आहे, गुणवंतभाई! म्हणजे तीही सात किलो जास्त?"

"हो!" गुणवंत आनंदाने म्हणाला. "तीही!"

विमानतळाच्या चकचकीत फरशीवर तिन्ही बॅगा उघडल्या. खजूर परत, दुधाची पावडर परत, शाम्पू परत. सगळं हारुनभाईंच्या ट्रॉलीवर चढलं आणि तरी वजन बसेना. शेवटी आखाती माणसाचा ठेवणीतला उपाय, जे जड असेल ते अंगावर घालायचं! मृणालिनीने दोन साड्यांवर स्वेटर चढवला. ओवीने रागाने दोन जीन्स घातल्या. आणि गुणवंतने बॅगेच्या तळातून मोरपंखी जोधपुरी कोट ओढून काढला.

"अहो, तो नको!" मृणालिनी पटकन म्हणाली.

"तोच हवा! सगळ्यात जड तोच!" त्याने कोट अंगावर चढवला. वरचं बटण लागलं. दुसरं लागलं. सगळी लागली! नुसती लागली नाहीत, आत हारुनभाईंचा हात जाईल एवढी जागा उरली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुणवंतने कोटाच्या पोटात बदामाची दोन पाकिटं कोंबली आणि छाती काढून विमानाकडे निघाला. मृणालिनी मात्र कोटावरून नजर चुकवत मागून निघाली.

साताऱ्यात लग्नघरी पोचला तो कोट घालूनच. शैलेंद्र धावत आला आणि जागच्या जागी थांबला. त्याने दाजींकडे वरून खाली पाहिलं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, पोटाशी कापडाचा फुगा.

"दाजी, हा कोट कुणाचा मागून आणलात?"

"मागून? माझ्या लग्नातलाच आहे! बघ, सगळी बटणं!"

"तुमच्या लग्नात असा गबाळा नव्हता हो हा!" शैलेंद्रने कोटाची कड उलटून आत पाहिलं आणि आनंदाने चीत्कारला. "अरे, या सगळे! शिवण उसवलीय! आतली सगळी माया सोडून कोट सैल करून आणलाय! चीटिंग! दाजी, माइक तयार ठेवतो!"

घरातले सगळे गोळा झाले. काका हसले, मावश्या हसल्या, आचारीसुद्धा झारा हातात घेऊन हसायला आला. गुणवंतने आत पाहिलं. खरंच नवी शिवण होती! एका बाजूला न विटलेल्या कापडाची पट्टी स्वच्छ दिसत होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चार महिन्यांचा घाम, ते कुत्ते, त्या बेगमा, ती दुबईची बस, सगळं फुकट! उलट वर लबाडीचा शिक्का!

"त्यांनी नाही, मी केला सैल!"

मृणालिनी पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मीच टेलरला दिला, यांना न सांगता. मला वाटलं, हे काही बारीक होणार नाहीत आणि पाचशे माणसांत बटण तुटेल. तू माइकवरून हसशील, सगळे हसतील. मला ते बघवलं नसतं रे! पण हे खरंच उतरले. चूक माझी आहे. मीच भरवसा ठेवला नाही."

गुणवंतला बायकोचा राग यायला हवा होता, पण त्याला फक्त बरं वाटलं.

"हे काय, ताई! नवऱ्याची बाजू घेतेयस," शैलेंद्र अजून मानायला तयार नव्हता. "पुरावा काय?"

"गाईज!" ओवी कंटाळून म्हणाली. "देअर इज अ स्केल राइट देअर!"

मांडवाच्या कोपऱ्यात आचाऱ्याचा मोठा काटा होता, त्यावर कांद्याची पोती मोजत होते. आचाऱ्याने कांदे उतरवले. गुणवंतने कोट काढला, बदाम काढले, मनातल्या मनात रिझवानची माफी मागितली आणि काट्यावर चढला. या वेळी त्याने छताकडे बघितलं नाही.

"पंच्याऐंशी!" आचारी ओरडला.

मग काय विचारता! शैलेंद्रने वाकून नमस्कार केला. रिसेप्शनला माइकवरून "हे आमचे फिट दाजी!" असं एकदा नाही, तीनदा सांगितलं. पाचशे माणसांनी टाळ्या दिल्या आणि गुणवंतने, खोटं कशाला बोला, डोळे पुसले.

इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण सासूबाईंनी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "जावईबापू, किती वाळलात हो! तिकडे खायला घालत नाहीत का?" आणि मग जावयाचा खरा पाहुणचार सुरू झाला. सकाळी कंदी पेढे, दुपारी बासुंदी, संध्याकाळी नव्या सोयऱ्यांकडे मटण. फिट दाजी म्हणून जो तो आपल्या घरी बोलावून वाढू लागला! गुणवंतनेही इंटरव्हल सोडले नव्हते. एक मिनिट भराभर जेवायचं, दोन मिनिटं सावकाश. महिन्याची रजा कशी गेली ते कळलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने कोट घालून पाहिला. आता तो कुठेही सैल नव्हता. अगदी अंगावर शिवल्यासारखा बसला.

संध्याकाळी मृणालिनीने परतीच्या बॅगा भरल्या. शैलेंद्रने बाथरूमचा काटा आणून ठेवला. गुणवंत बॅग हातात घेऊन त्यावर चढला, मान वर केली आणि छताकडे बघत राहिला.

मृणालिनी वाकली, तिने आकडा वाचला आणि मोबाइलवर बेरीज-वजाबाकी करायला घेतली. या वेळी तिचा नवऱ्यावर पूर्ण भरवसा होता. "पंच्याऐंशीच वजा करते हं आता."

गुणवंतने घसा खाकरला. शैलेंद्र खोलीत नाही ना, ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं.

"नको गं," तो हळूच म्हणाला. "ब्याण्णवच धर."